पँटीचे गुडघे

मोहननगरच्या वळणावर, कडुलिंबाखाली, माझा ठेला.
कोळशाची इस्त्री, बापाच्या वेळची.
बाप मागावर बसला, मी टेबलाशी उभा.
कापड काही आम्हाला सोडत नाही.

दर सोमवारी दोन पोरं येतात. नेहमी दोघं.
एकाला सोडून दुसरा पानठेल्यापर्यंतही जात नाही.
पांढरे शर्ट बारा, काळ्या पँटी चार.
एक कोप्पुला, राजमुंद्रीचा, काटक, हसरा.
दुसरा वाइनुकू, दारातून तिरका शिरेल एवढा,
वय वर्षं वीस.
"टोंगा कुठं आलं बे?" विचारलं,
तर त्यानं माझ्याच वाटीतलं पाणी टेबलावर शिंपडलं
आणि एका थेंबावर बोट ठेवलं.
बोट उचललं तेव्हा थेंब नव्हता.

"चहा घे."
"चहा नको, पालापाते काका."
बारापात्रे त्याच्या जिभेवर बसत नव्हतं.
"कॉफी? खर्रा त नसशीनच खात."
नाही. नाही. नाही.
महिन्याच्या पहिल्या रविवारी तर पाणीसुद्धा नाही,
तेही मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत.
कुंदा म्हणाली, पोरगं मरून जाईन,
आणि सोमवारी सकाळी कैरीचं पन्हं पाठवलं, तांब्याभर.

कापड मला वाचता येतं.
कॉलर सांगते किती पायी फिरले,
पाठीवर मिठाचे नकाशे.
कोणाच्या दारावर आपणहून जात नाहीत, म्हणतात,
बोलावलं तर जातात. बोलावणारे थोडे.
पण पँटींनी मला कोड्यात टाकलं.
बसायची जागा शाबूत,
गुडघे मात्र चकाकत होते,
घासलेले, गोल, उंबरठा झिजतो तसे.

"फरशी पुसता का रे?"
कोप्पुला हसत सुटला.
मग बोटांवर मोजलं: उठल्यावर, निघताना,
परतल्यावर, निजताना, आणि मध्ये जेव्हा जेव्हा.
"एवढं सांगता तरी काय त्याले?"
"आज काय झालं ते," वाइनुकू म्हणाला.
"कधी कधी काहीच झालेलं नसतं.
तेपण सांगतो."

जूनच्या एका सोमवारी तो इथंच स्टुलावर बसला, फोन घेऊन.
इथं नऊ, तिथं दुपारचे साडेचार.
बाप आजारी होता. फोन कोणीतरी खाटेवर ठेवलेला,
पडद्यावर नुसता छताचा पंखा, फिरणारा.
त्या पंख्याकडे बघत तो बोलत राहिला.
मग आईचा आवाज आला, सपाट, लांब, न थांबणारा,
आणि यानं डोळे मिटले.
कोप्पुलानंही मिटले, त्याला तरी कुठं कळत होतं.
मी इस्त्री कापडावरून उचलली
आणि तशीच धरून उभा राहिलो. मनगट भरून आलं.
एक शब्दही माझा नव्हता त्यात,
आणि मग ऐकलं: "नाकापूल".
मग थोड्या वेळानं: "पालापाते".
समुद्राच्या त्या टोकाला एक बाई
माझं नाव चुकीचं घेत होती, देवासमोर.

घरी नाही गेला.
का, ते मी विचारलं नाही.
रात्री त्याच्या एका पँटीच्या गुडघ्याला रफू केलं,
काळ्या दोऱ्यानं, बापानं शिकवलेल्या जाळीचं.
पैसे देत होता. म्हटलं, ठेव.

ऑगस्टमध्ये बदली झाली त्याची.
कुठं ते कोप्पुलानं सांगितलं, मी विसरलो.
आता बोचक्यात बारा शर्ट तेवढेच,
पण सहांची कॉलर साडेसतराची नाही, पंधराची,
आणि दोन पँटींना गुडघे अजून कोरे.
नवीन पोरगं ठेल्यापाशी अवघडून उभं होतं.
मी किटलीकडे नुसतं पाहिलं,
तर घाईघाईनं म्हणालं, "चहा नको, काका."

माहीत आहे, म्हटलं.
बस.